गौरीच्या डोक्यावरची कुंची

मित्रांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी कुंची पाहिली आहे? राहू द्या, हात वर करू नका. हल्ली बाळांच्या डोक्यावर सशाच्या कानांच्या टोप्या असतात, हे मला ट्रंकेत राहूनही कळतं. मी त्या टोप्यांच्या आधीची. डोक्याला टोपरं, हनुवटीखाली बांधायला दोन बंद आणि पाठीवर पार पावलांपर्यंत सोडलेला घोळ, असा माझा थाट. अंगाने हिरव्या खणाची, कडेला जरीची किनार, घोळाच्या टोकांना लाल रेशमी गोंडे. आतून मात्र जुन्या धोतराचं मऊ अस्तर आहे, कारण बाळाच्या टाळूला जरीची तार टोचते. मी देखणी आहे. स्वतःच्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण मला तोंडच नाही, म्हणून चालतं. पुढे हेच तोंड नसणं मला किती जड गेलं, तेच सांगायला आज बसले आहे. गोष्ट देखणेपणाची नाही, शरमेची आहे.

माझा जन्म लोणी काळभोरचा. तिथल्या दुर्गाबाईंची लेक तुळजाबाई मांजरीच्या बागायतदाराच्या घरात दिलेली. तिला पहिला मुलगा झाला, आणि बारशाला आजोळची कुंची न्यायची म्हणून दुर्गाबाईंनी स्वतःच्या चोळीसाठी आणलेला खण सरळ कात्रीखाली घातला. शेजारीण हळहळली, तर म्हणाल्या, "चोळी काय, फुडल्या साली शिवीन. नातू काय दरसाल व्हतोय?" मी त्या नातवाच्या, साईनाथच्या डोक्यावर चढले. बारशाला आलेल्या बायका बाळाआधी माझ्यावरून हात फिरवायच्या. जत्रा झाली, लग्नं झाली, डॉक्टरकडच्या खेपाही झाल्या. साईनाथने माझ्यावर दूध ओकलं, माझा एक गोंडा चघळून चघळून त्याची पार वात केली. पण ते दिवस सोन्याचे होते हो! लेकराच्या लाळेला कधी घाण म्हणतात का?

मग पोरगं मोठं झालं आणि मी ट्रंकेत गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षंच्या वर्षं निघून गेली. बाहेर मांजरीतले उसाचे फड कमी होत गेले, तिथे इमारती उठल्या, गाव महापालिकेत गेलं. साईनाथला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. बिबवेवाडीची संस्कृती सून म्हणून घरात आली, आणि एक दिवस ट्रंकेचं झाकण उघडलं. मुलगी झाली होती. पाळण्यातलं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण घरात सगळे तिला सोनूच म्हणतात.

आता सर्जेरावांविषयी सांगते. तुळजाबाईंचे मालक, साईनाथचे वडील, सोनूचे आजोबा. घरातले सगळे त्यांना आबा म्हणतात. गावात त्यांच्या शब्दाला वजन. बांधावरचं भांडण असो की सोयरिकीची बोलणी, आबा बसले की लोक गप्प. चुकलेल्या माणसाला ते असं झाडायचे की ऐकणाऱ्याच्या कानाची पाळी लाल व्हावी. त्यांना एकच खोड होती, तंबाखूची. सोनूच्या बारशाला त्यांनी तिला मांडीवर घेतलं तर त्या वासाने पोरीने नाक मुरडलं आणि भोकाड पसरलं. सगळे हसले. आबांनी खिशातली पुडी काढली आणि सगळ्यांदेखत कुंपणापलीकडे भिरकावली. म्हणाले, "आजपास्नं बंद. ह्या पोरीची आण." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सोनूच्या डोक्यावरच होते. मलाही त्यांचा अभिमान वाटला.

श्रावणातल्या एका रविवारी सोनूला पुणं दाखवायचं ठरलं. मांजरी महापालिकेत आली तरी आमच्या घरात अजून "पुण्याला जायचं" असंच म्हणतात. सोनूला तेव्हा आठवा महिना. आधी तुळशीबाग, कारण गौरी जवळ आल्या होत्या आणि आमच्या धाकट्या गौरीच्या मुखवट्याला चीर गेली होती. मग सारसबागेतला गणपती, हिरवळीवर भेळ, आणि दिवेलागणीला घरी. पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून ती हडपसरला पाहुण्यांच्या दारात उभी केली आणि पुढे सगळे बसने गेले.

बसमध्ये माझा काय तोरा होता! शेजारच्या सीटवरची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "सो क्यूट! आजी, हे काय घातलंय तिला?"

"कुंची हाय बाई. आजोळची," तुळजाबाईंनी सांगितलं. मुलीने फोटो काढला. मी फुगून अशी बसले की सोनूचे कानच दिसेनात.

तुळशीबागेत मात्र उकाड्याने जीव नकोसा झाला. पावसाने उघडीप दिलेली, गौरी-गणपतीच्या खरेदीला सगळं शहर लोटलेलं, दोन्ही बाजूंनी कानातली, बांगड्या, भातुकलीची भांडी आणि "ताई, बघून तर जा" चा गजर. सोनू किरकिर करू लागली. संस्कृतीने माझे बंद सोडले आणि मला तुळजाबाईंच्या खांद्यावर टाकलं. मग सगळे आतल्या राममंदिरात गेले. बाहेर एवढा गलका आणि आत गार फरशी, चार माणसं जप करत बसलेली. दुपटं अंथरलं, सोनूला टेकवलं, दोनदा थोपटलं, की पोर झोपली.

"तुम्ही सगळे फिरून या. मी थांबते हिच्याजवळ," संस्कृती म्हणाली.

आबा म्हणाले, "तू जा की सूनबाई. आठ महिनं झालं, घराभाईर पडली न्हाईस. मी न् साईनाथ हाय हितं. नात काय मला जड हाय? माझ्या नजरंखालनं मुंगी सुटायची न्हाई."

खोटं कशाला सांगू, हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. संस्कृतीने दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग ती गेली. मी तुळजाबाईंच्या खांद्यावरून तिला पाहत होते. तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं हेच पहिल्यांदा तिला सुचेना. मग तिने बांगड्या भरल्या, कानातली लावून आरशात पाहिली, सासूला विचारलं, "आई, हे बरं दिसतंय का?" आणि हसली. तेवढा अर्धा तास ती नुसती एक मुलगी होती. लक्षात ठेवा मित्रांनो, याच अर्ध्या तासाने पुढे तिला फार छळलं.

मुखवट्यांच्या दुकानात तुळजाबाईंनी एकच मुखवटा मागितला. दुकानदार अस्सल पुणेकर. वर न पाहता म्हणाला, "आजी, गौरी जोडीने येतात. एकटीला कुठे पाठवायची?"

"थोरली घरीच हाय. हिची वाट बघतीया."

त्याला हसू आलं आणि त्याने सुटा मुखवटा दिला. पण तो वर्तमानपत्रात गुंडाळू लागताच तुळजाबाईंनी त्याचा हात धरला. आमच्याकडे गौरी म्हणजे माहेराला आलेली लेक. "पोरीला रद्दीत बांधून नेत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी मला खांद्यावरून काढलं, मुखवट्याच्या डोक्यावर घातलं, हनुवटीखाली बंद बांधले, घोळ खाली गुंडाळला आणि ते सगळं लेकरासारखं छातीशी धरून खांद्यावर टेकवलं. आजवर मी माणसांच्या लेकरांच्या डोक्यावर बसले होते. देवीच्या डोक्यावर बसायची ही पहिलीच वेळ. मला आभाळ ठेंगणं झालं. आता त्या क्षणाची आठवण आली की वाटतं, उसवून निघावं आणि चिंधी होऊन कुठेतरी पडावं.

दोघी रस्त्यावर आल्या. पिशव्यांनी हात भरलेले. रिक्षावाला म्हणाला, "तीनच घेणार, चार नाही." संस्कृतीने साईनाथला फोन लावला. "अहो, आम्ही दोघी पुढे निघतो. तुम्ही सोनूला घेऊन दुसऱ्या रिक्षाने या." साईनाथचा आवाज घाईत होता. "हो हो, निघा तुम्ही. ऑफिसचा कॉल चालू आहे." फोन बंद झाला. कॉल घ्यायला तो कधीच देवळाबाहेर पडला होता आणि सोनू एकट्या आबांपाशी होती, हे तिला काय ठाऊक!

तुळजाबाई रिक्षात चढत होत्या. माझं तोंड, म्हणजे मुखवट्याचं तोंड, त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे होतं. पलीकडच्या पानाच्या टपरीपाशी मला आबा दिसले. डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरत होता. तंबाखू मळत होते! बारशातली आण, भिरकावलेली पुडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. हिरवी कुंची, आत गोरा गोरा चेहरा. ते दचकले, मळलेली चिमूट पटकन तोंडात टाकली आणि तोंड फिरवून उभे राहिले. नाही हाक मारली, नाही हात केला. संस्कृती तर त्यांच्याकडे पाठ करून पिशव्या आत ठेवत होती. हे मी पाहिलंय, मित्रांनो. दुसरं कुणीच पाहिलेलं नाही.

देवळात काय झालं होतं, ते मला मागाहून कळलं. सोनू गाढ झोपलेली. साईनाथ बाहेर गेल्यावर आबांना एकटं बसवेना, जीभ वळवळू लागली. शेजारी जप करणाऱ्या एका बाईंना ते म्हणाले, "जरा दोन मिंटं ध्यान ठेवा," आणि उठले. टपरीपाशी उभे असताना त्यांना कुंची रिक्षात चढताना दिसली. त्यांना वाटलं, बायकांनी जाता जाता पोरीला उचललं असणार. फोन संपवून साईनाथ आला आणि म्हणाला, "सोनू कुठंय?" आबा म्हणाले, "बायका घेऊन गेल्या न्हवं, आत्ताच." कॉलच्या घाईत बायकोचं बोलणं साईनाथने धड ऐकलंच नव्हतं, म्हणून त्याला ते पटलं. ते तोंड जरा बाजूला धरून बोलले, तंबाखूचा वास येऊ नये म्हणून. देवळात पुन्हा डोकावायलाही ते गेले नाहीत. परत गेलं असतं तर उठून कुठे गेला होता, हे साईनाथला सांगावं लागलं असतं.

सारसबागेच्या दाराशी आम्ही उभ्या होतो. संस्कृती नव्या बांगड्या पाहत होती. दुसरी रिक्षा थांबली, दोघं उतरले. हात रिकामे. ती रिक्षात डोकावली, आत कुणी नाही.

"सोनू?"

साईनाथ हसत म्हणाला, "ही काय, आईकडं!" आणि त्याने माझी कड बाजूला केली. आतून मुखवटा त्याच्याकडे टकामका पाहत होता. त्याचा रंगच उडाला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, इथे उलटंच झालं होतं. सगळ्यांनी जपून छातीशी धरलेलं ते लेकरू मातीचं होतं आणि आपलं लेकरू गावात पडलं होतं.

 "आबा, तुम्हीच म्हणालात ना, बायका घेऊन गेल्या?" साईनाथ ओरडला. तुळजाबाईही नवऱ्याकडे पाहू लागल्या. सगळ्यांच्या नजरा आबांवर. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. आणि मित्रांनो, त्या माणसाने खोटं सांगितलं.

"तुमी रिक्षात चढताना मी सूनबाईला लांबनं हात करून सांगितलं व्हतं, पोरीला उचल म्हणून. तिनं मान हलवली. मला वाटलं, घेतली."

संस्कृतीने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, "छे, मी नाही हलवली." पण ती नुसती पाहत राहिली. आबा खोटं बोलतील हे तिच्या मनातही आलं नाही. हातातल्या बांगड्यांकडे पाहत पुटपुटली, "हलवली असेल. माझं लक्ष नव्हतं." साईनाथ तिला म्हणाला, "अगं, आई आहेस ना तू?" तुळजाबाईंनी कपाळावर हात मारला. मी तिथेच होते हो, त्यांच्याच खांद्यावर! खरं काय ते मला ठाऊक होतं. पण कापडाला कुठली जीभ? तेव्हापासून मला वाटतं, देखणं असण्यापेक्षा एक शब्द बोलता आला असता तर बरं झालं असतं.

आम्ही चौघं एकाच रिक्षात कोंबून निघालो. या रिक्षावाल्याने माणसं मोजली नाहीत, संस्कृतीचा चेहरा पाहूनच त्याने रिक्षा पिटाळली. सिग्नलला रिक्षा थांबली की संस्कृतीच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा, वासरू हंबरावं तसा. आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ हलत होते. नवस बोलत असावेत. खरं बोलायला मात्र ते ओठ उघडत नव्हते.

देवळात सोनू होती! जागी, एका बाईंच्या मांडीवर, त्यांच्या चष्म्याचं घर चघळत बसलेली. त्याच मघाशी जप करणाऱ्या बाई, नारायण पेठेतल्या विमलाबाई. मी सुटकेचा श्वास सोडला असता, पण विमलाबाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की माझी जरीची किनार काळी पडेल असं वाटलं.

"या. झाली वाटतं दोन मिनिटं?"

विमलाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बाळाची आई कोण?"

"मी," संस्कृती म्हणाली.

"छान," विमलाबाई म्हणाल्या. एवढंच. त्या एका शब्दाने संस्कृतीची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. तरी तिने हात पुढे केले. सोनूनेही झेप घेतली, पण विमलाबाईंनी तिला घट्ट धरलं. "थांबा. मूल ज्यांनी माझ्यापाशी ठेवलं, त्यांच्याच हातात देईन. उद्या कोणीही येईल आणि माझं म्हणेल. ते गृहस्थ कुठे आहेत?"

"ठेवलं? कुणी ठेवलं?" साईनाथने विचारलं. तिघंही मागे वळली. आबा खांबापाशी वहाण काढत होते. ती वहाण काही केल्या पायातून निघेना. मग ते तसेच पुढे आले, एका पायात वहाण घेऊन, आणि खाली बघत म्हणाले, "मी ठेवली व्हती."

विमलाबाईंनी सोनूला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिला क्षणभरही धरलं नाही, तसंच संस्कृतीच्या कडेवर दिलं. सोनूने आईच्या केसांत मूठ घातली आणि ती खिदळू लागली. तिला बिचारीला काय! आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला हसू आलं नाही.

परतताना बसमध्ये आबांच्या शेजारी संस्कृती बसली होती.  मग हळूच, अगदी आदराने तिने विचारलं, "आबा, मी खरंच मान हलवली होती का?"

तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच आठवत नव्हतं. ती येताना-जाताना सगळ्या रस्त्याने तो क्षण शोधत होती, कधी त्यांनी हात केला, कधी आपण मान हलवली, आणि तो क्षण तिला सापडत नव्हता. जो क्षण घडलाच नाही तो सापडणार कसा? आबा बाहेर बघत राहिले. मला वाटतं, सोनू हरवली त्यापेक्षा हे वाईट होतं. सोनू तर सापडली.

हडपसरला पाहुण्यांकडे चहाला थांबणं भाग होतं. सगळ्यांची उतरलेली तोंडं पाहून पाहुण्यांनी विचारलंच. तुळजाबाईंना तर देवळातच सगळं उमगलं होतं. पण नवऱ्याची अब्रू! त्या म्हणाल्या, "सूनबाईच्या हातनं जरा इसर पडला." संस्कृती कपात बघत बसली. साईनाथने तोंड उघडलं आणि वडिलांकडे पाहून मिटलं. झालं. लोकांना तेवढं पुरे होतं. आठवडाभरात मांजरीत, सोसायट्यांपासून मळ्यांपर्यंत, एकच गोष्ट झाली: सर्जेरावांची सून पोरगी देवळात विसरून आली. बिबवेवाडीची ना, फोनात तोंड असणार.

आणि मी? तुळजाबाईंनी मला न धुता ट्रंकेत कोंबलं. माझ्याकडे त्यांना बघवत नव्हतं. झाकण उघडलं की आबा खोलीतून उठून जायचे. पूर्वी मी नकोशी झाले होते ती बाळ मोठं झालं म्हणून. तसल्या दुर्लक्षाचं काही वाटत नाही, मित्रांनो. ते सगळ्याच कपड्यांच्या नशिबी असतं. पण मला पाहिलं की घरातल्या माणसांना स्वतःची लाज आठवावी, हे सोसवत नव्हतं.

गौरी जेवायच्या दिवशी मला संस्कृतीने बाहेर काढलं. तिनेच मला कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलं, सावलीत वाळवलं. तुळजाबाई म्हणाल्या, "नको गं ती." संस्कृती म्हणाली, "तिचा काय दोष, आई?" आणि तिने मला सोनूच्या डोक्यावर बांधलं.

संध्याकाळी घर हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलं. दोन्ही गौरी उभ्या होत्या, थोरली आणि ती नवी धाकटी. बाहेर पडवीत पुरुष बसलेले, मधोमध आबा. संस्कृती एका कडेवर सोनू आणि दुसऱ्या हातात पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर आली. शेजारच्या मळ्यातले रावसाहेब मोठे थट्टेखोर. तबकातला विडा उचलता उचलता म्हणाले, "काय सूनबाई, पोरगी ध्यानानं आणलीस न्हवं? न्हाईतर पान आमाला आन् पोरगी देवळात!"

सगळे हसले. आतल्या बायकाही हसल्या. संस्कृतीही हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. मी सोनूच्या डोक्यावरून पाहत होते, तिने तबक तसंच पुढच्या माणसापुढे धरलं. 

"रावसाहेब," आबा म्हणाले.

आवाज नेहमीचा नव्हता, घोगरा होता. तरी सवयीने सगळे गप्प झाले.

"पोरगी तिनं न्हाई इसरली. मी ठिवून गेलो व्हतो. तंबाखू आणाय."

रावसाहेबांच्या हातातला विडा हातातच राहिला. तुळजाबाई आतून धावत उंबऱ्याशी आल्या. "अहो, आज सणाचं कशाला..."

"बोलू दे मला. पोरीची आण मोडली, ती मोडलीच. त्याच्यावर मी खोटं बोललो. म्हनलं, सूनबाईला हात केला, तिनं मान हलवली." ते थांबले. मग गावाकडे, पाहुण्यांकडे, कुणाकडेच न पाहता फक्त संस्कृतीकडे पाहून म्हणाले, "पोरी, तू मान हलवली न्हवतीस. मी तुला हाक बी मारली न्हवती. तू मला त्या दिवशी इचारलंस, तवा मी भाईर बघत बसलो. माझी लाज वाचवाय तुझ्या डोक्यात येड घातलं मी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. चुकलेल्यांना झाडून काढणारा तो माणूस मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला होता, आता तुम्ही मला झाडा, असा.  संस्कृतीने तबक खाली ठेवलं. त्या रविवारपासून ती रडली नव्हती. आता मात्र तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी माझ्यावर पडलं, आणि धुतल्यावरही मला इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं.

मग ती दोन पावलं पुढे गेली. "आबा, हिला धरा. माझा हात भरून आलाय."

आबा मागे सरकले. "नगं. माझ्याकडं नगं देऊ."

"धरा," ती म्हणाली. बिबवेवाडीची ती, आवाजात जरा धार होतीच. "पण उठून कुठे जायचं असलं तर मला हाक मारा. आणि मी 'हो' म्हणेपर्यंत जागचे हलू नका."

तिने सोनूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी दोन्ही हातांनी तिला धरलं, फार घट्ट धरलं, आणि माझ्या हिरव्या खणात तोंड लपवून रडले. माझी जरीची कड त्यांच्या गालाला टोचत असणार. मी मऊ बाजू वळवू शकत नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी कुंची असेल तर ती बाहेर काढा. तिला कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि घरातल्या बाळाला खुशाल घाला. आम्ही लेकरांसाठी शिवलेल्या आहोत. माणसांच्या चुका झाकायला आम्ही पुरत नाही. आणि तुमच्या हातून कधी काही चुकलंच, तर ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नका. तो बिचारा तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि मग कधी घडलंच नाही असं काहीतरी रात्रंदिवस आठवत बसतो.